बॉक्सिंगच्या स्पॅरिंगमध्ये पंच बसत नाही: पॅड घ्यावे, डबल एंड बॅग घ्यावी की नुसते जॅबचे राऊंड करावे?

पॅडवर (समोरच्याने हातात धरलेल्या गादीवर) मस्त कडक आवाज येतो, पण स्पॅरिंगला, म्हणजे सरावाच्या लढतीत, समोर माणूस उभा राहिला की तोच जॅब (पुढच्या हाताचा सरळ पंच) त्याच्या कानाजवळून निघून जातो, असं ज्यांचं होऊन राहिलं त्यांच्यासाठी हे. पैसे आणि संध्याकाळचा तास एकाच गोष्टीवर टाकायचा असेल तर कशावर टाकायचा, एवढाच प्रश्न आहे.

आधी एक सांगतो, पंच चुकतो तो बहुतेक वेळा हातामुळे नाही, पायामुळे. अंतर चार बोटं जास्त असतं, मग आपण कंबरेतून वाकून पंच पोचवायला जातो आणि समोरच्याला फक्त डोकं जरासं मागे न्यावं लागतं. म्हणून मी प्रत्येक पर्यायाकडे हेच बघतो की तो अंतर शिकवतो का.

पॅडमध्ये गोम अशी आहे की धरणारा पॅड पुढे आणून पंचाला भिडवतो, म्हणजे निशाणाच तुमच्याकडे चालत येतो. त्यात बरेच जण स्वतःच्या तोंडाला लागू नये म्हणून पॅड खांद्याच्या बाहेर, वीतभर लांब धरतात (साहजिक आहे म्हणा), मग तुमचा क्रॉस (मागच्या हाताचा सरळ पंच) अशा जागी जायला शिकतो जिथे कोणाचं डोकंच नसतं. धरणारा जाणकार असेल, पॅड गालाजवळ ठेवत असेल, मध्येच एक पाऊल मागे घेत असेल आणि तुमचा गार्ड, म्हणजे तोंडासमोर धरलेले हात, पडला की टपली मारत असेल तर पॅडला तोड नाही. रूममेटला धरायला लावणार असाल तर राहू द्या.

डबल एंड बॅग म्हणजे छत आणि जमिनीच्या मधे रबरी दोरीवर ताणलेला छोटा बॉल. पंच मधोमध लागला तर तो सरळ मागे जाऊन सरळ येतो, थोडा कडेला लागला की तिरपा उडतो, त्यामुळे चूक तिथल्या तिथे कळते, आणि हात खाली राहिला तर थेट नाकावर येतो. बॉल हनुवटीच्या उंचीवर बांधा, सुरुवातीला दोरी ताणूनच ठेवा, ढिली केली तर तो कुठेही भटकतो. भाड्याच्या खोलीत स्लॅबला ड्रिल मारू देणारा घरमालक मिळणं हे वेगळं दिव्य आहे, खाली मात्र हुकऐवजी वजनाची जड प्लेट चालते. आणि भाऊ, गच्चीवर बांधू नका, नागपूरच्या मे महिन्यात ४५ अंशात रबराचं काय होते ते सांगायला नको. खरी कमतरता पुढे दिसते, काही दिवसांत त्याचा ताल पाठ होतो आणि माणूस काही असा तालात हलत नाही.

जॅबच्या राऊंडला खर्च शून्य. दोन-दोन मिनिटं एकाने फक्त जॅब मारायचा, दुसऱ्याने फक्त वाचवायचं, मग अदलाबदल. ताकद अर्धी, नजर ग्लोव्हवर नाही तर छातीच्या वरच्या भागावर, आणि डोकं सापडत नसेल तर आधी छातीवर मारा, ती डोक्याएवढी पटकन हलत नाही. इथे समोरचा खरंच मागे सरकतो, म्हणून पाय आपोआप कामाला लागतात. फोन बाटलीला टेकवून रेकॉर्ड करा आणि नंतर मोजा, किती मारले, किती बसले. घोडं अडते ते पार्टनरपाशी, एक जॅब नीट बसला की "का बे, जोरात मारून राहिला" म्हणत हूक (बाजूने वळवून मारलेला पंच) सोडणाऱ्यासोबत हे जमत नाही.

हेवी बॅग (टांगलेली मोठी जड बॅग) ताकदीसाठी, नेमासाठी नाही, तरी घरी असेलच तर टेपच्या फुल्या चिकटवून त्यावर मारा. डोक्याला पट्टा बांधून खेळायचा तो रबरी बॉल मजेशीर आहे, बस.

पुढे बाऊट, म्हणजे स्पर्धेतली लढत, खेळायची असेल तर अजून एक बघा. हौशी बॉक्सिंगमध्ये बटन दाबून पंच मोजायची पद्धत २०१३ मध्ये गेली, आता जज राऊंडला १० गुणांच्या हिशोबाने मार्क देतात आणि ग्लोव्हच्या मुठीकडच्या भागाने स्वच्छ बसलेला पंचच धरला जातो, आतल्या बाजूने लागलेली थाप नाही. थाप आणि पंच यातला फरक डबल एंड बॅगचा बॉल लगेच दाखवतो, पॅडवर मात्र दोन्हीला आवाज येतो.

माझं मत विचाराल तर भरवशाचा पार्टनर असेल तर आठवड्यातले दोन दिवस जॅबचे राऊंड, आणि एक रुपयाही खर्च करू नका. एकटे असाल तर डबल एंड बॅग, सोबत एक जास्तीची रबरी दोरी घेऊन ठेवा. पॅडसाठी मात्र चांगला कोच शोधा, पॅडची जोडी नाही.