पाठदुखी, चिंता आणि ‘सगळं नीटच झालं पाहिजे’: फिजिओ, योग, समुपदेशन की विपश्यना?

एमआरआयच्या अहवालात मणक्यांमधल्या चकतीला किंचित फुगवटा असल्याचं लिहिलेलं असतं, ऑर्थोपेडिक डॉक्टर ‘ऑपरेशनची गरज नाही’ म्हणून मोकळे होतात आणि पाठ मात्र दुखायची थांबत नाही. सहा महिने, वर्ष, दोन वर्षं. ऑफिसात अप्रेझल आलं की वाढते, लेकीचं लग्न पार पडलं की आठवडाभर गप्प बसते. हा आढावा अशा पाठीच्या मालकांसाठी आहे. त्यातही ईमेल पाठवण्याआधी चारदा वाचणाऱ्या, बाई भांडी घासून गेल्यावर ती पुन्हा विसळणाऱ्या, ‘चालतंय की’ म्हणायला जीभच वळत नाही अशा लोकांसाठी.

निवड करण्याआधी एक गाळणी लावायलाच हवी. लघवी किंवा शौचावरचा ताबा गेला, मांड्यांच्या मधल्या भागात बधिरपणा आला, पायातली ताकद कमी होत चालली, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठा. संध्याकाळचा बारीक ताप, घटणारं वजन, रात्री झोपेतून उठवणारं दुखणं असेल तर मणक्याचा क्षय आपल्याकडे आजही विसरून चालत नाही. पूर्वी कर्करोग होऊन गेला असेल तर डॉक्टरांना ते आठवणीनं सांगा. तिशीच्या आसपास सुरू झालेली, सकाळी अर्ध्या तासाहून जास्त आखडणारी आणि हालचाल केल्यावर मोकळी होणारी पाठ संधिवाताच्या डॉक्टरांना दाखवा. हे सगळं नाही असं ठरल्यावरच पुढचं वाचण्यात अर्थ आहे.

आता त्या फुगवट्याबद्दल. पाठ अजिबात दुखत नसलेल्या माणसांच्या तपासण्यांचा मोठा एकत्रित आढावा २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात चाळिशीतल्या सुमारे निम्म्या लोकांच्या चकत्यांना फुगवटा होता. म्हणजे अहवाल खोटा नसतो, पण दुखण्याचं कारण तोच असेल असंही नसतं. जागतिक वेदना अभ्यास संघटनेनं २०१७ मध्ये वेदनेचा तिसरा प्रकार मान्य केला: ऊतीला इजा झाल्याचा किंवा नस दबल्याचा स्पष्ट पुरावा नसताना, वेदना हाताळणारी यंत्रणाच बदलल्यामुळे जाणवणारी वेदना. राखणीच्या कुत्र्यानं एकदा चोर पाहिला की तो पोस्टमनवरही भुंकायला लागतो, तसं हे. चिंतेत स्नायू ताठ राहतात, झोप तुटते, लक्ष सारखं कमरेकडे जातं आणि भुंकणं वाढतं. ‘म्हणजे मी नाटक करतेय का?’ हा प्रश्न घरोघरी विचारला जातो. नाही. दुखणं शंभर टक्के खरं असतं.

परिपूर्णतेचा हट्ट यात दोन बाजूंनी भर घालतो. बरं वाटलं त्या दिवशी माळा आवरून, पंखे पुसून, फराळाचे दोन घाणे काढून मगच बसायचं, आणि पुढचे तीन दिवस अंथरुणात. दुसरी बाजू भीतीची: वाकायचं तर अगदी बरोबर वाकायचं, नाहीतर वाकायचंच नाही. म्हणून उपचारांची तुलना करताना मी यशाच्या टक्केवारीइतकंच आणखी एका गोष्टीला वजन देते: या उपचारात स्वतःला गुण देत बसायला किती वाव आहे?

फिजिओ की योग?

पुराव्याच्या काट्यावर दोन्ही जवळजवळ सारखे. बॉस्टनमध्ये ३२० जणांवर झालेल्या, २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत बारा आठवड्यांचा योगवर्ग फिजिओथेरपीपेक्षा कमी पडला नाही. तेव्हा ‘अधिक चांगलं कोणतं’ हा वाद सोडून ‘माझ्या स्वभावाला कोणतं’ असं विचारलेलं बरं.

चांगला फिजिओ तुम्हाला वेळ मोजायला लावतो. दहा मिनिटं चाल, बरं वाटलं तरी दहालाच थांब; दुखलं तरी शक्य तर दहा पूर्ण कर. आठवड्यानं बारा. हट्टी माणसाला यातला ‘थांब’ सर्वात जड जातो, आणि औषध नेमकं त्यातच आहे. पण फिजिओ म्हणून आपल्याकडे बऱ्याचदा मिळतं ते वेगळंच: पडद्याआड पालथं झोपायचं, मशीन लावायचं, वीस मिनिटांनी उठायचं, तीस सत्रांचं पॅकेज. जागतिक आरोग्य संघटनेनं डिसेंबर २०२३ मध्ये जुनाट कंबरदुखीसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यात व्यायाम, समजावून सांगणं आणि मानसशास्त्रीय उपचार यांना जागा आहे. ट्रॅक्शन (कंबर ताणणं), टेन्स (विजेचे सौम्य झटके), अल्ट्रासाउंडचं मशीन आणि कमरेचा पट्टा मात्र नेहमीच्या उपचारात नकोत असं म्हटलं आहे. पट्टा मेडिकलच्या दुकानात टांगलेला असतो म्हणून तो उपचार ठरत नाही.

योगाचं म्हणाल तर पुण्यात राहणाऱ्यांना आधी अय्यंगार पद्धत आठवते. बी. के. एस. अय्यंगारांनी १९७५ मध्ये मॉडेल कॉलनीत संस्था सुरू केली, आणि खुर्ची, लोड, पट्टे, विटा, दोर यांच्या आधारानं आखडलेल्या शरीरालाही आसनात आणण्याची रीत जगभर गेली. दुखऱ्या पाठीला हे आधार फार मानवतात. अडचण दुसरीकडे आहे. या पद्धतीचा जीव अचूकतेत आहे: टाच कुठे, गुडघ्याची वाटी कुठे, खांदा कुठे. ज्यांना अचूकतेचीच बाधा झालेली आहे त्यांच्यासाठी वर्गातली सतरंजी ही आणखी एक परीक्षेची खोली होऊ शकते. घरी आरशासमोर त्रिकोणासन तपासत उभे राहणारे लोक मी पाहिले आहेत. वीट घेणं म्हणजे हार असं वाटणार नसेल, तर योग जरूर घ्या. वाटणार असेल तर आधी फिजिओ, योग नंतर.

खिशाचा प्रश्न असेल तर चालणं. ऑस्ट्रेलियात ७०१ जणांवर झालेल्या, २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत कंबरदुखीतून नुकत्याच बऱ्या झालेल्यांना टप्प्याटप्प्यानं चालायला लावलं. त्यांना पुन्हा दुखणं येईपर्यंत साधारण २०८ दिवस गेले, हा कार्यक्रम न दिलेल्या गटाला ११२. मात्र घड्याळातल्या दहा हजार पावलांच्या नादी लागू नका. तुम्हाला तर मुळीच नको ते.

समुपदेशन की ध्यान?

इथे मी उघडपणे एका बाजूला झुकते. सिॲटलमध्ये ३४२ जणांवर झालेल्या, २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत विचार-वर्तन उपचार (सीबीटी, म्हणजे विचारांच्या आणि वागण्याच्या सवयी बदलणारं समुपदेशन) आणि आठ आठवड्यांचं सजगता (माइंडफुलनेस) ध्यानाचं प्रशिक्षण दोन्ही सारखेच उपयोगी ठरले: सहा महिन्यांनी रोजच्या कामांत ठळक सुधारणा अनुक्रमे सुमारे ५८ आणि ६१ टक्क्यांना, नेहमीच्याच उपचारांवर असलेल्यांत ४४ टक्क्यांना. पण दुखण्यामागे हट्ट असेल तर हट्टावरच काम करणारा उपचार आधी.

मराठी माणसाला तो अनोळखी नाही. अल्बर्ट एलिस यांनी न्यूयॉर्कमध्ये १९५५ च्या सुमारास मांडलेली आरईबीटी, म्हणजे विवेकनिष्ठ उपचारपद्धती, कि. मो. फडके यांनी इथे रुजवली आणि ठाण्याच्या आयपीएच या मानसिक आरोग्य संस्थेचे डॉ. आनंद नाडकर्णी यांच्या भाषणांतून ती घराघरांत पोहोचली. ‘मला जमलंच पाहिजे, नाहीतर माझी किंमत शून्य’ या मागणीला ती थेट भिडते. चांगला समुपदेशक गृहपाठ देतो, आणि इथे गंमत होते: हट्टी माणूस विचारांची नोंदवही तीन रंगांच्या पेनांनी भरून आणतो. अनुभवी समुपदेशक मग गृहपाठच उलटा देतो. एक निरुपद्रवी चूक ठेवून मेल पाठव. पाहुणे येणार असताना कपाटाचा एक कप्पा तसाच राहू दे. मग काय होतं ते पाहा. बहुतेक वेळा काहीच होत नाही, आणि ते ‘काहीच नाही’ पाठीला हळूहळू कळायला लागतं.

ध्यानाकडे वळणाऱ्यांपुढे मराठी मुलखात पहिलं नाव येतं इगतपुरीच्या धम्मगिरीचं. दहा दिवस मौन, पहाटे चारला घंटा, दिवसाला दहा तासांच्या आसपास बैठक, शुल्क नाही, जमेल ते दान. अनेकांना तिथे फार काही गवसतं. तरीही जुनाट पाठदुखी आणि चिंता असलेल्या परिपूर्णतावादी माणसाचं पहिलं पाऊल म्हणून मी ते सुचवणार नाही. चौथ्या-पाचव्या दिवसापासून ‘अधिष्ठान’ सुरू होतं: तासभर आसन न बदलता बसण्याचा निश्चय. ज्याला निश्चय मोडणं जमतच नाही, तो ते दात-ओठ खाऊन पार पाडतो. शिवाय वरची आकडेवारी विपश्यना शिबिराची नव्हे, आठवड्यातून एकदा भेटणाऱ्या, खुर्चीत किंवा आडवं पडूनही चालणाऱ्या सौम्य प्रशिक्षणाची आहे. जायचंच असेल तर अर्जात आजार, औषधं आणि चिंतेचा त्रास स्वच्छ लिहा आणि खुर्ची आधीच मागा.

उरलेले पर्याय

न्यूयॉर्कचे डॉ. जॉन सार्नो (१९२३–२०१७) म्हणायचे की पाठदुखी दडपलेल्या रागातून येते आणि ती परिपूर्णतावाद्यांना गाठते. त्यांनी सांगितलेली शारीरिक यंत्रणा सिद्ध झाली नाही, पण त्याच वाटेनं पुढे आलेल्या वेदना-पुनर्प्रक्रिया उपचाराची (दुखणं म्हणजे इजा नव्हे, मेंदूचा चुकीचा इशारा आहे, हे मनाला पटवणारा उपचार) कोलोरॅडोत १५१ जणांवर चाचणी झाली. महिनाभराच्या उपचारानंतर ६६ टक्के लोक वेदनामुक्त किंवा जवळपास तसे झाले. प्लॅसिबो (औषध नसलेला, नावापुरता उपचार) गटात २०, नेहमीच्या उपचारात १०. आकडे डोळे दिपवणारे आहेत, पण चाचणी छोटी, माणसं मध्यम दुखण्याची, आणि याचं रीतसर प्रशिक्षण घेतलेले लोक आपल्याकडे मोजकेच. यूट्यूबवरून स्वतःच करून पाहायचं ठरवलंत तर हट्टी मन ‘मी नीट विश्वास ठेवत नाहीये’ असा नवा दोष शोधून काढेल.

ड्युलोक्सेटिनसारखी गोळी चिंता आणि दुखणं दोन्हींवर वापरली जाते. निव्वळ कंबरदुखीसाठी जागतिक आरोग्य संघटना नेहमीचा उपचार म्हणून ती सुचवत नाही. पण चिंतेमुळे झोप-जेवणच उडालं असेल तर मानसोपचारतज्ज्ञांना दाखवण्यात उशीर करू नका. अशी गोळी डॉक्टरांना न विचारता मध्येच बंद करू नये. कटिबस्ती, मालिश यांनी बरं वाटतं, स्नायू सैल पडतात. तेवढ्यासाठी करा, त्याहून मोठी आशा ठेवून नको.

मग सुरुवात कुठून?

वाकायची, उचलायची भीती मोठी असेल तर फिजिओ. दुखण्याचा आलेख कामाच्या ताणाबरोबर वरखाली होत असेल तर समुपदेशक, सोबत चालणं. दोन्ही परवडत असतील तर दोन्ही एकदम. पाच उपचार एकदम मात्र नकोत, तो हट्टाचाच नवा अवतार असतो. पैसे नसतील किंवा गावात कुणी नसेल तर १४४१६ वर टेलिमानस ही सरकारी सेवा चोवीस तास मोफत आहे, मराठीतही बोलता येतं.

फोनवरच दोन प्रश्न विचारून घ्या. फिजिओला: ‘सत्रात व्यायाम किती आणि मशीन किती?’ समुपदेशकाला: ‘जुनाट दुखण्याच्या लोकांसोबत काम केलंय का, आणि गृहपाठ देता का?’ उत्तर द्यायला टाळाटाळ झाली तर पुढचा नंबर लावा.

आणि दुखण्याला रोज दहापैकी गुण देऊ नका. महिन्यातून एकदा एवढंच पाहा की सोडून दिलेलं काय परत सुरू झालं: अख्खं नाटक बसून पाहणं, एसटीचा प्रवास, नातवाला उचलणं. तीन महिन्यांत यातलं काहीच हललं नाही, तर त्याच उपचाराचा जोर वाढवण्याऐवजी फिजिओ आणि समुपदेशक यांना एकमेकांशी बोलायला सांगा. आपल्याकडे ते आपणहून क्वचितच बोलतात; नंबर तुम्हालाच द्यावा लागेल.