होकायंत्र की काचेचे पॅनेल? एकट्याने क्रॉस-कंट्रीला निघण्यापूर्वी

वैमानिकाच्या व्यावसायिक परवान्यासाठी लागणाऱ्या २०० तासांपैकी एकट्याने करायच्या लांबच्या, म्हणजे क्रॉस-कंट्री उड्डाणांची वेळ आली की बहुतेक प्रशिक्षणार्थींपुढे विमान निवडण्याचा प्रश्न उभा राहतो. एकीकडे गोल तबकड्यांचे जुने दोन आसनी विमान असते. त्यात दिशेचा अंतिम आधार म्हणजे समोरच्या काचेच्या वर बसवलेले, द्रवात तरंगणारे होकायंत्र. दुसरीकडे काचेच्या पॅनेलचे, म्हणजे तबकड्यांऐवजी संगणकी पडदे असलेले, चार आसनी विमान असते, ज्यात उपग्रहांच्या आधारे मार्गाची मॅजेंटा रेघ आखलेली असते आणि आपले काम तिच्यावर राहणे एवढेच उरते. मी दोन्ही विमानांवर जवळपास सारखेच तास केले आणि उरलेल्या तासांसाठी एकच निवडले. ते का निवडले, हे येथे मांडतो. माझा अनुभव पश्चिम महाराष्ट्रातल्या एका धावपट्टीपुरता आहे, त्यामुळे तो सर्वांना लागू पडेलच असे नाही.

सुरुवात पॅनेलच्या बाजूने करणे न्याय्य होईल. आपण कोठे आहोत हे होकायंत्र कधीच सांगत नाही. ते फक्त नाक कोणत्या दिशेला आहे एवढेच सांगते. या मर्यादेचे सर्वांत बोलके उदाहरण आपल्या मुंबईतच घडले आहे. २४ सप्टेंबर १९७२ रोजी जपान एअरलाइन्सचे डीसी-८ विमान सांताक्रूझऐवजी जुहूच्या लहानशा धावपट्टीवर उतरले आणि पुढे घसरत गेले. धावपट्टीचा क्रमांक म्हणजे तिच्या दिशेच्या अंशांचा दहावा भाग; जुहूची धावपट्टी ०८, सांताक्रूझची ०९. दोन्ही जवळजवळ एकाच दिशेच्या आणि काही किलोमीटरच्या अंतरावर. होकायंत्र अगदी अचूक असते तरी त्या दोहोंतला फरक त्याने दाखवला नसता, आणि आजचे साधे उपग्रह-यंत्रही तो लगेच दाखवते. पुण्याजवळून जाताना लोहगावच्या हवाई दलाच्या हद्दीपासून किती दूर आहोत, हे पडद्यावर एका नजरेत कळते तेव्हा मनावरचे ओझे खरोखरच उतरते. पुढे ज्यांना एअरलाइनमध्ये जायचे आहे त्यांना शेवटी काचेच्या पॅनेलवरच काम करायचे आहे, हा मुद्दाही दुर्लक्ष करण्याजोगा नाही.

जुन्या विमानातली कटकटही लपवत नाही. तिथे हेडिंग (नाकाची दिशा) धरायचे ते जायरोवर (फिरत्या चकतीवर चालणाऱ्या दिशादर्शकावर), आणि जायरो हळूहळू सरकत असल्याने दर दहा-पंधरा मिनिटांनी तो होकायंत्राशी जुळवून घ्यावा लागतो. एप्रिल-मे महिन्यांत सकाळी दहानंतर तापलेल्या माळरानावरून उठणाऱ्या हवेत विमान असे हेलकावते की होकायंत्राची अंशांची पट्टी दोन्ही बाजूंना दहा-दहा अंश झुलत राहते. तिचा मध्य कोठला हे ठरवण्यासाठी पंख समांतर, वेग स्थिर आणि नजर पट्टीवर खिळलेली ठेवून वाट पाहावी लागते. पाच अंशांची चूक राहिली, तर साठात एक या नियमाने (एका अंशाच्या चुकीने साठ मैलांत एक मैल बाजूला) सोलापूरच्या ८० नॉटिकल मैलांच्या वाटेवर आपण शेवटी सहा-सात नॉटिकल मैल बाजूला पोहोचतो. हिवाळ्यातल्या सकाळच्या धुरकट हवेत एवढ्या अंतरावरून धावपट्टी दिसत नाही.

तरीही होकायंत्राचे नाव आपल्याकडे गरजेपेक्षा जास्त खराब झाले आहे, असे मला वाटते. त्याचे कारण आपल्या पाठ्यपुस्तकांत आहे. ती बहुतेक युरोप-अमेरिकेतल्या अक्षांशांवर बसून लिहिलेली आहेत. लंडनच्या आसपास पृथ्वीच्या चुंबकीय रेषा जमिनीत सुमारे ६६ अंशांनी शिरतात. मुंबई-अलिबागच्या पट्ट्यात हाच कोन सुमारे २५ अंश आहे. सुई आडवी फिरवणारा जोर आपल्याकडे ब्रिटनच्या जवळजवळ दुप्पट आहे. त्यामुळे वळणात आणि वेग बदलताना होकायंत्र जे चुकते ते आपल्याकडे बरेच कमी चुकते. उत्तरेकडे वळताना पट्टी मागे रेंगाळते म्हणून अक्षांशाइतके अंश आधी वळण थांबवावे, असा ढोबळ नियम आहे. लंडनवर तो ५० अंशांच्या घरात जातो, आपल्याकडे १८. शिवाय भौगोलिक उत्तर आणि चुंबकीय उत्तर यांतला फरक पश्चिम महाराष्ट्रात एका अंशाच्या आत असल्याने नकाशावर मोजलेली दिशा जवळजवळ तशीच होकायंत्रावर धरता येते. अमेरिकेच्या दोन्ही किनाऱ्यांवर काही ठिकाणी हा फरक दहा अंशांहून अधिक आहे. थोडक्यात, हे साधन आपल्या आकाशात जेवढे चांगले चालते तेवढे पुस्तकात वाचून वाटत नाही.

चुंबकीय साधन आजूबाजूच्या लोखंडाला आणि विजेला किती हळवे असते, हे या भागात फार पूर्वीपासून माहीत आहे. मुंबईत विजेच्या ट्रामगाड्या येणार म्हटल्यावर कुलाब्याच्या वेधशाळेचे चुंबकीय काम १९०४ साली अलिबागला हलवावे लागले होते. विमानातही तेच आहे. एकदा मी टॅब्लेट त्याच्या कव्हरसकट समोरच्या फळीवर ठेवला आणि होकायंत्र वीसेक अंश सरकले, कारण कव्हर बंद राहावे म्हणून त्याच्या कडेला छोटे चुंबक बसवलेले असतात. होकायंत्राने काहीही तक्रार न करता चुकीची दिशा दाखवली, हा त्याचा दोष मी मान्य करतो. टॅब्लेटबद्दल एवढेच सांगतो की मे महिन्यात बंद कॉकपिटच्या काचेखाली तो तापून आपोआप बंद पडतो. त्याला मुख्य साधन मानूच नये.

आता माझा निर्णय ज्यामुळे झाला ती गोष्ट सांगतो. काचेच्या पॅनेलवर दिसणारे हेडिंग उपग्रहांकडून येते असा माझा बराच काळ समज होता. उपग्रह सांगतात ती आपली जागा आणि त्यावरून काढलेली प्रत्यक्ष सरकण्याची दिशा, म्हणजे ट्रॅक. नाकाची दिशा ठरवण्यासाठी पॅनेललाही बहुधा पंखात बसवलेला एक चुंबकीय संवेदक लागतो. म्हणजे पॅनेलच्या पोटातही एक होकायंत्रच असते, फक्त ते डोळ्यांना दिसत नाही. आमचे विमान रात्री हँगरच्या लोखंडी खांबांशेजारी, सळ्या घातलेल्या काँक्रीटवर उभे असे. रोज सकाळी पॅनेल सुरू केले की हेडिंगच्या जागी लाल फुली येई. पहिल्या दिवशी मी दचकलो तेव्हा प्रशिक्षक शांतपणे म्हणाले, "थांब, टॅक्सीवेवर गेलो की जाईल." आणि धावपट्टीकडे नेणाऱ्या त्या वाटेवर खरोखरच ती जाई. दुसऱ्या दिवशीही तसेच, तिसऱ्या दिवशीही तसेच. महिनाभरात मी त्या फुलीकडे पाहणे सोडून दिले होते.

एके दिवशी ती आकाशात आली. एकटाच होतो, निघून वीसेक मिनिटे झाली होती, डावीकडे उजनीचे पाणी चमकत होते. फुली दिसली आणि माझ्या मनात आलेला पहिला विचार "जाईल आपोआप" असा होता. दोन-तीन मिनिटे मी खरोखरच वाट पाहिली. ती गेली नाही. वर पाहिले तर सहायक होकायंत्र जागेवर होते, पण त्याखालच्या डेव्हिएशन कार्डावरची (कोणत्या दिशेला होकायंत्र किती अंश चुकते ते लिहिलेल्या कार्डावरची) शाई उन्हाने इतकी उडालेली होती की आकड्यांऐवजी फिकट डाग दिसत होते. त्याहून मला जास्त लागलेली गोष्ट वेगळी होती. मॅजेंटा रेघेवर राहण्यासाठी वाऱ्याविरुद्ध मी नाक किती अंश वळवले होते, हे मला सांगता येत नव्हते. त्या दिवसाच्या वाऱ्याचा मला अंदाजच नव्हता, कारण रेघेने तो हिशेब माझ्याकडून कधी मागितलाच नव्हता. ट्रॅक दिसत होता, त्यावर मी व्यवस्थित परत आलो आणि धोका असा काहीच झाला नाही. पण जे यंत्र आपल्या रोजच्या वागण्यातून इशाऱ्याकडे दुर्लक्ष करायला शिकवते, त्याच्यावर एकट्याने विसंबणे मला पुन्हा जमले नाही.

उपग्रहांवरच्या भरवशाचा मुद्दाही अलीकडे पूर्वीइतका सोपा राहिलेला नाही. अमृतसर आणि जम्मूच्या बाजूला उपग्रह-संकेतांत ढवळाढवळ होऊन विमानांना खोटी जागा दिसल्याच्या घटना घडल्या आहेत आणि नागरी विमान वाहतुकीची नियामक संस्था डीजीसीएने नोव्हेंबर २०२३ मध्ये त्याबद्दल परिपत्रक काढले आहे. सोलापूर-लातूरच्या वाटेवर असे काही होईल असे मी म्हणत नाही. परंतु होकायंत्र जसे मुकाट्याने चुकू शकते तसे उपग्रहही चुकू शकतात, हे एकदा मान्य केले की उरतो तो प्रश्न असा, की चूक आपल्याला आधी कोठे कळेल. माझ्या अनुभवात ती जुन्या विमानात आधी कळली. तिथे घड्याळ, नकाशा आणि हेडिंग यांचा मेळ दर दहा मिनिटांनी मलाच घालावा लागे आणि अकलूज उजवीकडे वेळेवर आले नाही तर काहीतरी बिनसले आहे हे लगेच लक्षात येई. जी कटकट मी आधी सांगितली, तीच माझ्यासाठी राखणदार ठरली.

ज्यांचा मार्ग मुंबईच्या गजबजलेल्या आकाशाजवळून जातो किंवा ज्यांना उपकरणांच्या आधारे उड्डाणाचे रेटिंग लगेच घ्यायचे आहे, त्यांनी पॅनेलचे विमान घेतले तर मी त्यांना अडवणार नाही. बाकीच्यांनी निदान पहिली तीन-चार क्रॉस-कंट्री उड्डाणे तरी गोल तबकड्यांच्या विमानात करून पाहावीत, असे मला मनापासून वाटते. विमान कोणतेही असो, निघण्यापूर्वी डेव्हिएशन कार्डावरची तारीख आणि आकडे वाचता येतात का ते पाहावे, फोन आणि टॅब्लेट फळीवरून काढावेत, आणि धावपट्टीच्या मध्यरेषेवर उभे राहिल्यावर होकायंत्राचा आकडा मोठ्याने उच्चारून धावपट्टीच्या क्रमांकाशी ताडून पाहावा. आमच्या जुन्या विमानाच्या कार्डावर पूर्वेच्या बाजूला दोन अंशांचा फरक नोंदवलेला होता, म्हणून वारा नसलेल्या सकाळी सोलापूरकडे निघताना मी ११० ऐवजी ११२ धरत असे.