मांद्र्याच्या पडवीतली सिमेंट जाळी : वीस महिन्यांनंतर

गेल्या आठवड्यात पडवी झाडताना जाळीच्या सर्वांत खालच्या ओळीतला एक कोपरा सुटून हातात आला. तुकडा बोटभरच होता, पण त्याच्या आत गंजून फुगलेली बारीक तार दिसली. ती बघून ठरवलं की आता लिहायचंच. आमच्या वाड्यावर दोन घरांची कामं चालू आहेत आणि दोन्हीकडे हीच जाळी बसणार आहे. मी केलेली चूक त्यांनी करू नये.

आमचं मांद्रे उत्तर गोव्यात, पडवी पश्चिमेकडे उघडी. समुद्र हाकेच्या अंतरावर नाही, पण खारा वारा रोज येतो. अडीच फुटांचा चिऱ्याचा कठडा आणि त्यावर सहा फूट मोकळं. तिथे फूट बाय फूट, तीन इंच जाडीची, चार पाकळ्यांची जाळी लावली. आडव्या १४, उभ्या सहा, म्हणजे ८४ ब्लॉक. घेतले ९०. एकाचे ९५ रुपये, म्हणजे ८,५५० झाले. टेम्पोचं भाडं आणि गवंड्याची तीन दिवसांची मजुरी वेगळी. सरकत्या काचेचं कोटेशन या सगळ्याच्या चौपट होतं, शिवाय काच लावली की वारा बंद. त्यामुळे निर्णय पटकन झाला.

माल उतरवला त्या दिवशीच भांडण झालं. ब्लॉक ओलसर, काळपट होते आणि नखाने कड खरवडली की रेती सुटत होती. साच्यातून काढून पुरतं पाणी न मारताच गाडीत भरलेले. नऊ तर उतरवतानाच फुटले. विकणारा म्हणाला, "एवढं तर फुटतंच." तीन आठवडे फोन केले तेव्हा नऊ बदलून मिळाले. ते मात्र दणदणीत होते, बोटाने टिचकी मारली की खणखणायचे. ब्लॉक घेताना तीच टिचकी मारून बघा.

फेब्रुवारीत जाळी बसली. मार्च, एप्रिल, मे इतके छान गेले की येईल त्याला मी पडवीत बसवून दाखवत होते. मग मिरग, म्हणजे मृगाचा पाऊस, लागला.

गोव्यात वर्षाला साधारण ३,००० मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबरमध्ये, पश्चिमेच्या वाऱ्यावर स्वार होऊन. कौलांची वळचण दोन फूट बाहेर आहे, म्हणून वरच्या तीन ओळी कोरड्या राहिल्या. खालच्या तीन ओळींतून मात्र पाणी आत आलं. उडून येणारे तुषार मी धरूनच चालले होते. पण इथे पाऊस थांबल्यावरही आतल्या बाजूने धार लागायची, कठड्यावरून उतरून जमिनीवर थारोळं व्हायचं. सासूबाईंचा खाटला दोनदा हलवला. त्या म्हणाल्या, "आमच्या वेळी मिरगाआधी चुडतांची झडी (माडाच्या झावळ्यांचा आडोसा) बांधायचो, तेव्हा हे नव्हतं." त्या जुलैत मी तीन जणांना ही जाळी घेऊ नका म्हणून सांगितलं. ते बोलणं आता मागे घेते.

कारण एके दिवशी लक्षात आलं की धार सगळ्या ब्लॉकांतून येत नाही. एकाखाली काळा ओघळ, शेजारचा स्वच्छ. माल तोच, ओळ तीच, पाऊस तोच. मी भोकांत बोट फिरवून बघितलं. काहींचा तळ बाहेरच्या बाजूला उतरता, काहींचा आतल्या.

साच्यातून ब्लॉक सुटावा म्हणून भोक एका तोंडाला रुंद आणि दुसऱ्या तोंडाला किंचित अरुंद ठेवतात. तीन इंचांच्या जाडीत फरक जेमतेम तीन-चार मिलिमीटरचा, डोळ्यांना दिसत नाही. पण जिकडे भोक रुंद, तिकडे त्याचा तळ खाली. म्हणजे रुंद तोंड बाहेर असेल तर भोकात शिरलेलं पाणी बाहेर जातं. ते आत असेल तर आपण स्वतःच्या हाताने ३३६ पन्हळी घराकडे वळवून बसवल्या म्हणायच्या. आमच्या गवंड्याने हाताला येईल तसा ब्लॉक लावला होता. त्याला बोलावून दाखवलं तर म्हणाला, "बाय, जाळयेक कसली फुडली-फाटली बाजू?" म्हणजे जाळीला कसली पुढची-मागची बाजू? माणूस चांगला, काम साफ, सांधे सरळ. त्याला कुणी हे कधी सांगितलंच नव्हतं. विकणाऱ्यानेही सांगितलं नाही, आणि तो तर रोज साच्यातून ब्लॉक काढतो! त्याच्यावरचा माझा राग अजून गेलेला नाही. ब्लॉकच्या एका तोंडावर रंगाचा एक ठिपका दिला असता तरी पुरलं असतं.

मी मोजलं. खालच्या तीन ओळींत ४२ ब्लॉक, त्यांतले १९ उलटे. प्रत्येकी चार भोकं, म्हणजे ७६. फोडून पुन्हा बसवायचे तर शेजारचे चांगले ब्लॉकही तडकले असते आणि मजुरी जाळीच्या किमतीपेक्षा जास्त झाली असती. म्हणून पाऊस ओसरल्यावर मी स्वतः बसले. एक भाग सिमेंट, तीन भाग चाळलेली बारीक रेती आणि जुन्या-नव्याचा जोड धरावा म्हणून दुकानात मिळणारं पांढरं लेटेक्स. आधी भोक तारेच्या ब्रशने घासून शेवाळ काढलं, ओलं केलं, मग चहाच्या चमच्याने तळावर लेप देऊन बाहेर उतार काढला. सात दिवस सकाळ-संध्याकाळ ओल्या ब्रशने पाणी मारलं. चार रविवार लागले. खर्च तीनशेच्या आत.

यंदाचा पावसाळा ही त्याची परीक्षा होती. जूनच्या मोठ्या पावसात मी रात्री विजेरी घेऊन बघायला उठले. आतल्या बाजूला एकही ओघळ नव्हता. आषाढात तीन-चार दिवस वाऱ्याने तुषार आत आले, तेवढ्यापुरती ताडपत्री सोडली. खाटला जागचा हलला नाही.

तुम्ही घेणार असाल तर कारखान्यावरच एक ब्लॉक उभा धरून भोकात वाटीभर पाणी ओता. ज्या बाजूने गळेल ती बाजू बाहेर. सगळ्या ब्लॉकांवर खूण करून मगच गवंड्याच्या हातात द्या.

आता त्या तारेबद्दल. छोट्या ब्लॉकमध्ये तार घालून तो मजबूत होतो असं विकणारे सांगतात. आमच्या ब्लॉकमध्ये ती कडेपासून पाच-सहा मिलिमीटरवर आहे. खाऱ्या हवेतला क्षार तिथपर्यंत पोचतो, लोखंड गंजलं की फुगतं आणि वरचं सिमेंट उडवतं. समुद्राकाठी फूटभराच्या ब्लॉकला तार नसलेलीच बरी. आधार हवा तो सांध्यात. दर दोन ओळींनंतर जस्ताचा मुलामा दिलेली ६ मिलिमीटरची सळी घालून तिची टोकं दोन्हीकडच्या चिऱ्यात घट्ट केली, ते काम आम्ही योग्य केलं. भिंत थरथरत नाही. आणि छपराचं वजन वरच्या तुळईवर आहे, जाळीवर नाही. तसंच असायला हवं, जाळी भार घेत नाही.

विटांचा विचारही केला होता. वास्तुरचनाकार लॉरी बेकर यांनी केरळात विटा अंतर सोडून रचून भिंतीच्या भिंती जाळीदार केल्या. त्यात साचा नाही, म्हणून रुंद-अरुंद तोंडाचा प्रश्न नाही, तारही नाही. आमच्याकडे चांगली भाजलेली वीट बाहेरून आणावी लागली असती, ते गणित जमलं नाही.

बाकी जे आहे ते मनापासून आवडलं आहे. एप्रिलच्या दुपारी समुद्रावरून वारा सुटला की पडवीत पंखा लागत नाही. दोन-तीनच्या सुमाराला ऊन अजून उंच असतं, तेव्हा तीन इंचांची जाडी ते अडवते आणि जमिनीवर फक्त पाकळ्यांच्या कडा उमटतात. पाचनंतर सूर्य खाली आला की ऊन थेट आत येतं, त्याला इलाज नाही. दिवसा रस्त्यावरून आतलं काही दिसत नाही. रात्री आत दिवा लावला की सगळं दिसतं, म्हणून आम्ही एक पडदा ठेवला आहे. डास अडत नाहीत. कोळिष्टकं काढायला बाटली धुण्याचा लांब ब्रश लागतो. रंग द्यायचा असेल तर बसवण्याआधी द्या, नंतर भोकांच्या आत हात फिरत नाही.

सहा ब्लॉक उरले होते. त्यांतले चार विहिरीजवळच्या नळाखाली आडवे पुरले, पाय धुवायला. तिथे वर्षानुवर्षं चिखल व्हायचा. आता पाणी पाकळ्यांतून खाली मुरतं, भोकांत हरळी आली आहे, पाय स्वच्छ घरात येतात. इतक्या कमी खर्चात इतकं समाधान या घरात दुसऱ्या कशाने दिलेलं नाही. सासूबाई आता तिथेच जास्वंदीला पाणी घालत उभ्या राहतात.

उरले दोन. कोपरा उडालेल्या ब्लॉकबद्दल विकणाऱ्याला फोन केला, तर "समुद्राजवळ असंच होतं" एवढंच उत्तर मिळालं आणि तो साचाही त्याने आता बंद केला आहे. म्हणून थोडे ब्लॉक जास्तीचे घेऊन ठेवाच. येत्या रविवारी गवंडी येतोय. फुटलेला ब्लॉक छिन्नीने काढून राखलेल्यांतला एक तिथे बसेल. पाणी ओतून त्याची बाजू मी बघून ठेवली आहे आणि दोन्ही ब्लॉकांच्या रुंद तोंडावर तांबड्या रंगाने मोठ्या अक्षरांत लिहिलंय : बाहेर.