न्यूटनची समाधी ब्लेंडरमध्ये: व्यक्तिमत्त्वातून वास्तू घडवताना हे सॉफ्टवेअर कुठवर साथ देते

एखाद्या थोर व्यक्तीच्या स्वभावावरून काल्पनिक वास्तू रचण्याचे काम आर्किटेक्चरच्या स्टुडिओत नेहमीचे आहे. त्यासाठी ब्लेंडर हे त्रिमितीय मॉडेल आणि चित्रे बनवणारे सॉफ्टवेअर घ्यावे का, एवढाच या परीक्षणाचा विषय. तपासणी ४.२ एलटीएस (दीर्घकाळ दुरुस्त्या मिळणाऱ्या) आवृत्तीवर केली आहे. सॉफ्टवेअर मुक्त परवान्याचे असून फुकट मिळते, त्यामुळे खर्च फक्त वेळेचा. थोडक्यात मत असे: उजेडाच्या बाबतीत ते उत्तम आहे, मापांच्या ड्रॉइंगसाठी कच्चे आहे, आणि आधी कागदावर विचार झाला नसेल तर ते फार गोड फसवते.

फसवते कसे, हे गणितज्ञ रामानुजनच्या उदाहरणावरून लगेच कळेल. रामानुजन पाटीवर गणित करायचे, कोपराने पुसायचे आणि वहीत बहुतेक वेळा फक्त निष्कर्ष उतरवायचे. ब्लेंडर उघडून बसलेला माणूस पहिल्या दहा मिनिटांत काळी पाटीसारखी भिंत उभी करतो, तिच्यावर खडूचे टेक्श्चर (पोत) चढवतो आणि रेंडर, म्हणजे तयार चित्र, इतके देखणे येते की काम झाले असे वाटते. ते संग्रहालयातले दालन झाले. पाटी ही वस्तू आहे, पायऱ्या पुसणे हा स्वभाव. मग वास्तूतही माणूस पोहोचायला हवा, पण कसा पोहोचला हे मागे वळून दिसता कामा नये: वळण घेणारी १.२ मीटर रुंद वाट, जिच्या एका टोकावरून दुसरे टोक कधीच दिसत नाही, आणि शेवटी एकदम उघडा चौक. एवढ्याला पोत लागतच नाही. म्हणून पहिले दोन दिवस सगळ्या भिंती एकाच राखाडी मटेरियलमध्ये ठेवाव्यात. व्ह्यूपोर्टचा (काम करायच्या खिडकीचा) साधा सॉलिड मोड त्याला पुरेसा आहे.

कागदावर करायचे ते असे. व्यक्तीच्या खात्रीशीर नोंद असलेल्या तीन सवयी आणि एक विसंगती लिहा. प्रत्येकीला एकच मोजता येणारी गोष्ट जोडा: छताची उंची, वाटेची रुंदी, उजेडाची दिशा, चालण्याचे अंतर. चित्र, आद्याक्षरे, वापरातल्या वस्तू आणि भिंतीवरची वचने यांना बंदी. ‘गूढ’, ‘तेजस्वी’ असली विशेषणे सॉफ्टवेअरला कळत नाहीत, ‘२.१ मीटर’ कळते.

खरी परीक्षा मात्र जुन्या आराखड्यावर घेतली. फ्रेंच वास्तुरचनाकार एतिएन-लुई बुले यांनी १७८४ मध्ये न्यूटनसाठी समाधी कल्पिली: सुमारे १५० मीटर व्यासाचा पोकळ गोल, तळाशी शवपेटी, आणि कवचाला बारीक छिद्रे, म्हणजे दिवसा आत तारांगण दिसावे. रात्री आत टांगलेल्या दिव्याने उलट दिवस व्हावा. ती कधीच बांधली गेली नाही. या प्रकारच्या कामाचा इतका नेमका नमुना दुसरा सापडणे कठीण, आणि ब्लेंडरचे गुणदोष यात एकदम उघडे पडतात.

पहिली अडचण गोलाची. ब्लेंडरचा यूव्ही स्फिअर (अक्षांश-रेखांशांसारख्या रेषांचा गोल) मुळात ३२ सेगमेंटचा, म्हणजे ३२ उभ्या फाकांचा येतो. १५० मीटर व्यासाचा परीघ सुमारे ४७१ मीटर, म्हणजे एकेक सपाट फळी १४.७ मीटरची. शेड स्मूथ (छटा मिसळण्याची सोय) लावले की पृष्ठ गुळगुळीत भासते, पण कडेची रेषा कोनाकोनाचीच राहते. २५६ सेगमेंट ठेवले तर फळी १.८ मीटरवर येते आणि चालून जाते. त्यातही ध्रुवाशी त्रिकोणांची गर्दी होते व तिथे बुलियनने (एका आकारातून दुसरा वजा करून) छिद्र पाडताना जाळी बिघडते. त्यापेक्षा त्रिकोणांचा बनलेला आयको स्फिअर बरा: सहा सबडिव्हिजनला (उपविभागणीला) २०,४८० जवळपास एकसारखे त्रिकोण मिळतात. गोलाचा आकार बदलल्यावर कंट्रोल-ए दाबून स्केल लागू करायला विसरू नका. नाहीतर पृष्ठाला जाडी देणाऱ्या सॉलिडिफाय मॉडिफायरमध्ये ३ मीटर लिहिले तरी जाडी भलतीच येते.

दुसरी अडचण सॉफ्टवेअरची नाही, पण ब्लेंडरमुळेच ती कळते. साहजिकच सगळे जण छिद्रांचे सिलिंडर गोलाच्या केंद्राकडे रोखतात. ३ मीटर जाड कवचात ३० सेंटीमीटरचे छिद्र पाडले, तर त्यातून आरपार दिसण्यासाठी नजर छिद्राच्या अक्षापासून साधारण ५.७ अंशांच्या आत हवी. पण पाहणारा केंद्रात नाही, तळाशी शवपेटीपाशी उभा आहे. तिथून पाहिले तर माथ्यापासून (केंद्रातून मोजलेल्या) सुमारे ११ अंशांच्या पलीकडची सगळी छिद्रे काळी दिसतात. तारांगणाऐवजी डोक्यावर ताऱ्यांचा छोटासा ठिपका उरतो. जिओमेट्री नोड्समध्ये (नियम जोडून आकार घडवण्याच्या सोयीत) सिलिंडरांची दिशा केंद्राऐवजी त्या उभे राहण्याच्या बिंदूकडे वळवली की आकाश पसरते. सगळे विश्व एका माणसाच्या डोळ्यापाशी जुळते, आणि हे न्यूटनबद्दलचे विधान रंगरंगोटीविना मिळते. या एका सोयीसाठी ब्लेंडरला पैकीच्या पैकी गुण.

रेंडरमध्ये सायकल्स (प्रकाशकिरणांचा माग काढणारे इंजिन) वापरा. छिद्रांतून दिसते ते आकाशाचे तेज, म्हणून आकाशाची तीव्रता महत्त्वाची. सूर्याचा दिवा लावलात तर त्याचा कोन ०.५३ अंश ठेवा. खऱ्या सूर्याइतका कोन असला की १५० मीटर लांबच्या छिद्रातून जमिनीवर सुमारे १.४ मीटर व्यासाचे सूर्यबिंब पडते. टोकदार कवडसा काढण्यासाठी कोन शून्य करणारे बरेच दिसतात. चित्र छान होते, पण खोटे.

डिनॉइझरपासून (चित्रातले दाणे पुसणाऱ्या सोयीपासून) सावध राहा. २४ मिलिमीटर लेन्स आणि १९२० पिक्सेल रुंदी असेल तर समोरचे ३० सेंटीमीटरचे छिद्र जेमतेम अडीच पिक्सेल भरते. डिनॉइझर असला ठिपका दाणा समजून पुसून टाकू शकतो. रुंदी ३८४० करा, सॅम्पल (प्रत्येक पिक्सेलमागचे किरण) वाढवा आणि डिनॉइझ न केलेली प्रतही जपून ठेवा. डिफ्यूज बाउन्स, म्हणजे उजेडाने भिंतींवरून उसळण्याच्या फेऱ्या, मुळात ४ असतात. अशा अंधाऱ्या पोकळीत ते ८ ते १० करावे लागतात, नाहीतर खालचा भाग नको तितका काळा पडतो. धूसर हवेसाठी व्हॉल्यूम स्कॅटर वापरताना घनता मीटरमागे धरली जाते हे ध्यानात ठेवा: ०.०१ ही घनता लहान खोलीत जाणवतही नाही, पण १५० मीटरमध्ये पलीकडून जेमतेम २२ टक्के उजेड पोहोचतो. इथे ०.००१ पुरे.

मारी क्युरींवर काम करताना कस लागतो तो रंगाचा. टनावारी पिचब्लेंड (युरेनियमचे खनिज) गाळून १९०२ मध्ये हाती आले ०.१ ग्रॅम रेडियम क्लोराईड. हे प्रमाणच वास्तूचा गाभा होऊ शकते: लांब, खडबडीत, जड शेड आणि तिच्या शेवटी एकच माणूस मावेल अशी खोली, जिच्यात फिकट निळसर उजेड. इथे बहुतेकांची चूक एकच होते. एमिशनची (पृष्ठाच्या स्वतःच्या उजेडाची) तीव्रता वाढवत नेतात. ४.० पासून मूळ सेटिंग असलेल्या एजीएक्स या रंगरूपांतरात फार तेजस्वी रंग पांढरा होत जातो, म्हणजे निळा उजेड ट्यूबलाइटसारखा दिसतो. तीव्रता कमीच ठेवा, बाकीचे दिवे बंद करा आणि एक्स्पोजर वर न्या. डोळा अंधाराला सरावतो तसे. ब्लेंडरचे दुसरे रेंडर इंजिन ईव्ही झटपट चालते, पण कॅमेऱ्याबाहेर असलेल्या चमकत्या पृष्ठाचा उजेड लाइट प्रोब बेक केल्याशिवाय (आधीच उजेड मोजून साठवल्याशिवाय) त्यात धड मिळत नाही, त्यामुळे या खोलीला ते निरुपयोगी.

कॅमेरा मुळात ५० मिलिमीटरचा असतो. आतल्या जागांना २४ ते २८ ठेवा आणि उंची १.६ मीटर. १६ मिलिमीटरवर कोंदट खोलीही सभागृह वाटते, म्हणजे व्यक्तीचा संकोच दाखवायचा होता तोच गेला.

आता कच्ची बाजू. मोजमापाच्या रेषा, खुणा, शीट यांची व्यवस्था मूळ सॉफ्टवेअरमध्ये नाही. बोन्साय हे ॲड-ऑन आयएफसी (इमारतींच्या माहितीचा खुला फाइल-प्रकार) मॉडेल आणि ड्रॉइंग देते, पण संकल्पनेच्या टप्प्यावर ते शिकत बसणे जड जाते. सेक्शन (इमारत कापून दाखवणारे चित्र) मात्र चांगला निघतो, थोडी युक्ती करावी लागते. ऑल्ट-बीने कापलेले दृश्य फक्त व्ह्यूपोर्टपुरते असते. बुलियनने इमारत कापली की कापल्या बाजूने उजेड आत घुसतो आणि न्यूटनचे आकाश विझते. त्यापेक्षा ऑर्थोग्राफिक (दूरचे लहान न दाखवणाऱ्या) कॅमेऱ्याचा क्लिप स्टार्ट, म्हणजे दिसणे जिथून सुरू होते ते अंतर, छेदरेषेपर्यंत आणा. त्याने फक्त कॅमेऱ्याची नजर कापली जाते, उजेडाला भिंती शाबूत राहतात. भिंतींचा छेद पोकळ दिसेल, तो बुलियनच्या वेगळ्या रेंडरमधून काळा भरून वर चढवा. ए३ आडव्या कागदावर १:५०० हवे असेल तर ऑर्थोग्राफिक स्केल २१० ठेवा, कारण ४२० मिलिमीटर गुणिले ५०० म्हणजे २१० मीटर.

पर्यायांत स्केचअप पहिल्या तासाभरासाठी चपळ आहे. खोकी उभी करून वाटेची लांबी ठरवायला त्याहून सोपे काही नाही, पण वक्र आकारात ते रडवते. राइनोचे वक्र अचूक असतात, वर सांगितलेली फळ्यांची कटकट तिथे उद्भवतच नाही आणि ड्रॉइंगही नीट निघते, फक्त परवाना विकत घ्यावा लागतो. ज्यांच्याकडे राइनो आहे त्यांनी मॉडेल तिथेच करावे आणि ब्लेंडरमध्ये फक्त उजेडासाठी आणावे. आणताना एकक मीटर असल्याची खात्री करा. मिलिमीटरमधले मॉडेल मीटर समजून आले, तर १५० मीटरचा गोल १५० किलोमीटरचा होतो आणि रिकामी स्क्रीन बघत बसावे लागते.