आलेखावर टीप लिहायचीय: मॅटप्लॉटलिब, जीजीप्लॉट२ की प्लॉटली?

आलेख तयार आहे, आता एका टोकदार शिखराशेजारी ‘इथे सर्व्हर बंद पडला’ एवढंच लिहायचंय. साधन निवडण्याआधी एक गोष्ट ठरवा: ही टीप डेटातल्या बिंदूला चिकटून राहायला हवी, की चौकटीतल्या ठरावीक जागेला? माझ्या मते निम्मा गोंधळ इथेच मिटतो.

पायथनमध्ये आलेख काढणाऱ्या मॅटप्लॉटलिबमध्ये यासाठी दोन फंक्शनं आहेत, टेक्स्ट आणि अ‍ॅनोटेट. बरेच जण टेक्स्टवरच थांबतात, कारण एक्स, वाय आणि मजकूर दिला की काम होतं. पण ती जागा मुळात डेटाच्या मापात मोजली जाते. बिंदूच्या जरा वर लिहायचं म्हणून वायमध्ये ५ मिळवले आणि पुढच्या महिन्यात अक्ष १००वरून १०,०००वर गेला, की अक्षरं थेट बिंदूवर येऊन बसतात. अ‍ॅनोटेटमध्ये बिंदू वेगळा सांगायचा आणि मजकुराची जागा वेगळी. त्यातल्या टेक्स्टकोऑर्ड्स या पर्यायाला ‘ऑफसेट पॉइंट्स’ दिलं की अंतर पॉइंटात, म्हणजे इंचाच्या ७२व्या भागात मोजलं जातं. मग अक्ष कितीही ताणला तरी अंतर तेवढंच. बाणाची सोयही त्यातच आहे. शिवाय झूम करताना बिंदू चौकटीबाहेर गेला तर अ‍ॅनोटेटची टीप आपोआप लपते, टेक्स्टची मात्र चौकटीबाहेर लोंबकळत राहते.

कोपऱ्यात नमुन्याची संख्या लिहायची असेल तर टेक्स्टच घ्या, फक्त जागा चौकटीच्या मापात मोजली जावी म्हणून ट्रान्सफॉर्मला ट्रान्सअ‍ॅक्सेस द्या. स्तंभांवर आकडे हवे असतील तर बार लेबल आहेच, ३.४ आवृत्तीपासून.

आर या भाषेतल्या जीजीप्लॉट२चा खाक्या वेगळा. तिथे मजकूर लिहिणारं जिओम टेक्स्ट हे फंक्शन डेटाच्या प्रत्येक ओळीसाठी एकदा चालतं. एकच टीप त्यातून लिहायला गेलात तर ५०० ओळींच्या डेटावर तीच अक्षरं एकावर एक ५०० वेळा उमटतात आणि कडा जाडसर, खडबडीत दिसतात. एकट्या टिपेसाठी तिथलं अ‍ॅनोटेट वापरा. अक्षरांचा आकार तिथे मुळात मिलिमीटरमध्ये असतो, त्यामुळे १२ लिहिलंत तर अवाढव्य अक्षरं येतात. घाबरू नका, साधारण ४ पुरतं.

पण लेबलं तीस-चाळीस असतील तर मी आरकडेच वळेन, आणि ते जीजीप्लॉट२ला जोडायच्या जीजीरिपेल या पॅकेजसाठी. त्यात लेबलं एकमेकांना आणि बिंदूंना ढकलत मोकळी जागा शोधतात. फार दाटी झाली तर काही लेबलं ते गाळतं, म्हणून मॅक्स ओव्हरलॅप्स ही मर्यादा वाढवायचं लक्षात ठेवा, आणि दर वेळी तीच मांडणी हवी असेल तर सीड म्हणून एक ठरावीक आकडा द्या. पायथनमध्ये याच कामाला अ‍ॅडजस्टटेक्स्ट आहे. चालतं, पण जीजीरिपेलइतकं सहज जुळून येत नाही असं माझं मत.

प्लॉटली घ्यायचं ते आलेख ब्राउझरमध्ये उघडणार असेल तरच. अ‍ॅड अ‍ॅनोटेशनमध्ये बाण आधीच चालू असतो, नको असेल तर बंद करावा लागतो. मजकुराचं अंतर पिक्सेलमध्ये, आणि वर सरकवायचं तर ऋण आकडा. खरी मेख लॉग अक्षात आहे: बिंदू १०००वर असला तरी टिपेला ३ द्यावे लागतात, म्हणजे त्याचा दहाच्या पायावरचा लॉग. हे माहीत नसेल तर टीप भलतीकडेच जाते आणि माणूस कोडमध्ये चूक शोधत बसतो.

टिपा मराठीत लिहायच्या असतील तर पारडं बदलतं. मॅटप्लॉटलिबच्या मूळ फाँटमध्ये देवनागरी नाही, त्यामुळे चौकोन उमटतात. फाँट बदलला तरी ३.१०पर्यंतच्या आवृत्त्यांत जोडाक्षरं फुटतात आणि ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या चुकीच्या बाजूला जाते. प्लॉटलीत अक्षरं ब्राउझर जुळवतो, म्हणून ती नीट दिसतात. आरमध्ये रॅग हे चित्र उमटवणारं डिव्हाइस वापरून चित्र साठवलं की तिथेही हा त्रास होत नाही.