मावशीकडे राहणाऱ्या मुलीचा फॅफ्सा अर्ज : एक अभिप्राय

माझी भाची जन्माने अमेरिकन नागरिक आहे. ताई आणि भावोजी नाशिकला परतल्यानंतर ती शाळेसाठी आमच्याकडे न्यू जर्सीत राहिली आणि मागच्या वर्षी तिच्या कॉलेजसाठी आम्ही २०२५-२६ चा फॅफ्सा, म्हणजे संघराज्य सरकारच्या आर्थिक साहाय्याचा अर्ज, भरला. अर्ज विनामूल्य आहे आणि कागदपत्रे हाताशी असली तर फार वेळखाऊही नाही. मात्र मूल आईवडिलांऐवजी नातेवाइकांकडे राहत असेल, तर अर्जातील ‘पालक’ या शब्दापाशी माणूस हमखास अडखळतो.

आम्हीही अडखळलो. शाळेच्या प्रवेशासाठी ताईने नोटरीकडून करून दिलेले पत्र आमच्याकडे असल्यामुळे आपण पालक ठरतो, असे गृहीत धरून मी माझ्या मिळकतीचे कागद काढून बसले होते. मदतीचा मजकूर नीट वाचल्यावर उलगडा झाला, की मावशी, काका किंवा आजी-आजोबा यांनी मुलाला कायदेशीर दत्तक घेतलेले नसेल, तर त्यांची मिळकत अर्जात दाखवायचीच नसते, मग मूल कितीही वर्षे त्यांच्या घरी जेवत-झोपत असो. न्यायालयाने पालकत्व सोपवले असल्यास विद्यार्थी स्वतंत्र मानला जातो, म्हणजे आईवडिलांची माहिती द्यावी लागत नाही, पण नोटरीच्या पत्राला तेथे किंमत नाही. ही चूक सर्वस्वी आमची. तरीही इतका मूलभूत खुलासा पहिल्याच पडद्यावर ठळक अक्षरांत असायला हवा होता, असे माझे मत आहे. भावोजींच्या रुपयांतील पगाराचे डॉलर केले की आकडा बेताचा होतो. त्याऐवजी माझा पगार गेला असता, तर मुलीचे थेट नुकसान झाले असते.

खरी दमछाक पुढे झाली. ताईकडे सोशल सिक्युरिटी क्रमांक, म्हणजे अमेरिकन सरकार देते तो ओळख क्रमांक, नाही. त्याशिवायही अर्जातील पालकांचा भाग भरण्यासाठी लागणारे ऑनलाइन खाते उघडता येते, पण ते तिचे तिनेच उघडायचे असते. न्यू जर्सीत रात्रीचे आठ म्हणजे डिसेंबरात नाशिकला सकाळचे साडेसहा. ताई गॅसवर चहा ठेवून ईमेलवर आलेले सांकेतिक अंक मला फोनवर वाचून दाखवत होती आणि मी ‘ताई, मला नको, तुझ्याच पडद्यावर भर’ असे बजावत होते. अर्जाला २०२३ ची मिळकत हवी, तर आपले आर्थिक वर्ष एप्रिल ते मार्च, त्यामुळे भावोजींचे दोन वर्षांचे फॉर्म सोळा समोर ठेवून बसावे लागले.

आईवडिलांनी माहिती द्यायलाच नकार दिला, तर विद्यार्थ्याच्या वाट्याला बहुधा केवळ बिनअनुदानित, म्हणजे शिकत असतानाही व्याज चढत राहणारे, कर्ज येते, पहिल्या वर्षी जास्तीत जास्त ५,५०० डॉलर. त्या वर्षीचे पेल अनुदान, म्हणजे गरजू विद्यार्थ्यांना संघराज्य सरकारकडून मिळणारी मदत, मात्र ७,३९५ डॉलरपर्यंत होते आणि ते फेडावे लागत नाही. छळ किंवा परित्याग यांसारखी असाधारण परिस्थिती असल्यास कॉलेजचे साहाय्य कार्यालय निर्णय घेऊ शकते. निव्वळ वेगळे राहणे हे त्यासाठी पुरेसे कारण नाही.

पाचपैकी साडेतीन तारे. अर्धा कापला तो ‘पालक’ शब्दासाठी, उरलेला एक त्या पहाटेच्या फोनांसाठी.