खाडीची चित्रे आणि ‘किनाऱ्या’तला ऱ्या : ठाण्यातील एका डिजिटल चित्रशाळेच्या सेवेचा अनुभव

ठाणे पूर्वेला कोपरीत, खाडीपासून चालत दहा मिनिटांवर आमची गृहनिर्माण संस्था आहे. पावसाळ्याच्या तोंडावर मागचा नाला तुंबतो, मोठ्या भरतीला त्यातले पाणी उलटे फिरते आणि त्यासोबत दुधाच्या पिशव्या, वेफर्सची पाकिटे व थर्माकोलचे तुकडे थेट आमच्या प्रवेशद्वारापर्यंत येतात. सूचनाफलकावर परिपत्रके लावून काहीही फरक पडत नाही, हे चार वर्षांत पुरेसे सिद्ध झाल्यामुळे यंदा समितीने थोडा खर्च करून चित्रांची मोहीम करून घ्यायचे ठरवले आणि ते काम नौपाड्यातील एका छोट्या डिजिटल चित्रशाळेकडे सोपवले. दोन तरुण चित्रकार आणि हिशेब सांभाळणाऱ्या एक ताई, एवढाच त्यांचा पसारा आहे. काही उणिवाही सांगायच्या असल्यामुळे मी चित्रशाळेचे नाव लिहीत नाही. मात्र असे काम कोणाकडूनही करून घेणाऱ्या संस्थांना या अनुभवाचा उपयोग व्हावा.

आमची मागणी साधी होती. ए-3 आकाराची सहा भित्तिचित्रे, त्यांचीच व्हॉट्सॲप स्टेटसवर बसतील अशी उभी रूपे आणि चाळीस सेकंदांची एक ॲनिमेशन फीत. सगळे मिळून 24,000 रुपये ठरले, त्यांतील निम्मे आगाऊ. मुदत तीन आठवड्यांची होती, काम पाच आठवड्यांत हाती आले. या उशिरातला निम्मा दोष आमच्या समितीच्या बैठकांचा आहे, हे मान्य करतो.

पहिले प्रूफ आले तेव्हा समितीतील बहुतेकांना ते आवडले. निळेशार पाणी, गुलाबी पक्षी, उंच कमानींसारख्या मुळांवर उभी असलेली खारफुटी. मी ते मोबाइलवर चेंदणी कोळीवाड्यातून आमच्याकडे मासळी घेऊन येणाऱ्या मावशींना दाखवले. त्यांनी बोटांनी चित्र मोठे केले आणि म्हणाल्या, “ही मुळं आपल्या खाडीतली नाय, दादा. आपल्याकडं तिवर. त्याची मुळं चिखलातनं खिळ्यांसारखी वर येतात.” त्यांचे म्हणणे शंभर टक्के खरे होते. कमानीसारखी आधारमुळे असलेला कांदळ कोकणच्या इतर खाड्यांत भरपूर दिसतो. परंतु ठाणे खाडीवर राज्य आहे ते तिवराचे. चित्रकाराने इंटरनेटवरील तयार चित्र समोर ठेवून काम केले होते, हे उघड झाले. पक्ष्यांचीही तीच कथा होती. आपल्या खाडीत हिवाळ्यापासून मे महिन्यापर्यंत दिसणाऱ्या रोहित (फ्लेमिंगो) पक्ष्यांत धाकट्या रोहिताची संख्या फार मोठी असते आणि त्याची चोच गडद, जवळजवळ काळपट किरमिजी असते. चित्रातील पक्ष्यांची चोच मात्र गुलाबी व टोकाला काळी, म्हणजे थोरल्या रोहिताची होती. थोरला रोहितही येथे येतो, त्यामुळे ही चूक म्हणता येणार नाही; तरीही सगळा थवा त्याचाच दाखवणे पटण्याजोगे नव्हते.

येथे चित्रशाळेचे मनापासून कौतुक केले पाहिजे. बहुतेक ठिकाणी असे सांगितल्यावर “काका, लोकांना एवढे कळत नाही” हे उत्तर मिळते. यांनी तसे केले नाही. दोघेही चित्रकार एका रविवारी ओहोटीच्या वेळी मीठबंदराच्या बाजूला गेले, दोन तास चिखलाच्या कडेला बसून टॅबलेटवर रेखाटने केली आणि सहापैकी चार चित्रे नव्याने काढली. त्यासाठी वेगळे पैसे मागितले नाहीत.

त्यातील तिसरे चित्र संपूर्ण मोहिमेत सर्वांत उत्तम उतरले आहे. त्यात पक्षी नाही, सूर्यास्तही नाही. चिखलाच्या पातळीवर डोळे ठेवून पाहावे तसे तिवराच्या पेन्सिलीएवढ्या श्वसनमुळांचे रान दिसते, त्यांतल्या दोन मुळांवर बिस्किटाच्या पुड्याचे चंदेरी वेष्टन टोपीसारखे बसले आहे आणि बाजूला एक निवटी, म्हणजे चिखलात वावरणारा छोटा मासा, मान वर करून त्याकडे पाहते आहे. खाजणातील चिखलात प्राणवायू जवळजवळ नसतो, म्हणून हे झाड मुळे हवेत वर काढून त्यांच्यावरील सूक्ष्म छिद्रांतून श्वास घेते. त्यांच्यावर प्लास्टिक बसले की झाड गुदमरते. ही माहिती मी यापूर्वी संस्थेच्या सभेत दोनदा सांगितली होती आणि कोणाच्या लक्षात राहिली नव्हती. चित्राखाली मात्र एकच ओळ आहे, ‘हे झाडाचे नाक आहे’, आणि तळमजल्यावरील मुले आता लिफ्टची वाट पाहताना एकमेकांची नाके दाबून तो खेळ खेळतात.

पाचवे चित्र ठाणे खाडी फ्लेमिंगो अभयारण्याविषयी आहे आणि ते मला सामान्य वाटले. 2015 मध्ये घोषित झालेले सुमारे 1,690 हेक्टरांचे हे अभयारण्य आणि 2022 मध्ये ठाणे खाडीला मिळालेला रामसर स्थळाचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा, दर्जा, ही माहिती महत्त्वाची आहे यात शंका नाही. परंतु ती चित्रात विरघळलेली नाही, कोपऱ्यात चौकट करून चिकटवलेली आहे. अशी चौकट लोक वाचत नाहीत.

आता अक्षरांविषयी, कारण माझी मुख्य तक्रार तीच आहे. दुसऱ्या चित्राचा मथळा ‘किनाऱ्यावरचा कचरा कोणाचा?’ असा होता. छापून आलेल्या प्रतीत तो ‘किनार्यावरचा’ असा झाला. ‘ऱ्या’ गेला आणि ‘या’वर रफार चढला. आम्ही मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे मोबाइल-संगणकांवर सगळीकडे चालणाऱ्या अक्षरसंकेतात, पाठवला होता, चित्रशाळेने तो जुन्या पद्धतीच्या फाँटमध्ये रूपांतरित केला आणि त्या उलथापालथीत हा अपघात घडला. शिवाय ल आणि श ही दोन्ही अक्षरे हिंदी वळणाची होती. हे किरकोळ आहे असे कोणी म्हणेल. परंतु ज्या फलकावर आपण शेजाऱ्याला शिस्त शिकवायला निघालो आहोत, त्यावर शुद्धलेखनाची चूक असली तर शेजारी कचऱ्यावर नाही, चुकीवर बोलतो, आणि आमच्या संस्थेत निवृत्त शिक्षिका तीन आहेत. ‘एक टाइप’ या फाँट बनवणाऱ्या संस्थेने केलेल्या मुक्ता किंवा बालू यांसारखे चांगले युनिकोड फाँट मोफत मिळत असताना रूपांतराचा हा खटाटोप कशासाठी, हे मला समजले नाही. चूक दाखवल्यावर त्यांनी सगळा मजकूर नव्याने बसवला. चित्र आणि अक्षरे वेगवेगळ्या लेयरवर ठेवलेली असल्यामुळे ते एका दिवसात झाले, हा डिजिटल कामाचा फायदा मान्य करायलाच हवा. हाताने रंगवलेल्या फलकावर पुन्हा सगळा रंग काढावा लागला असता. मात्र आधी छापलेल्या बारा प्रती फुकट गेल्या आणि त्यांचा खर्च आम्हीच सोसला, कारण प्रूफवर सही माझी होती.

रंगांचा अनुभवही सांगतो. पडद्यावर झगझगीत दिसणारा गुलाबी रंग कागदावर मळकट वीटकरी झाला. पडदा प्रकाशाने रंग दाखवतो, छपाई चार शाईंनी, आणि तेजस्वी गुलाबी रंग या चार शाईंच्या आवाक्यात बसत नाही. हे चित्रशाळेला माहीत असायला हवे होते आणि छपाईपूर्वी एक नमुना प्रत आम्हाला दाखवायला हवी होती.

प्रवेशद्वारावर सहा फूट रुंदीचा मोठा फलक लावायचे नंतर ठरले, तेव्हा दोन प्रश्न उभे राहिले. पहिला चित्राचा. ए-3 आकाराला इंचामागे 300 ठिपक्यांच्या हिशेबाने काढलेले चित्र लांबीला सुमारे 4,961 ठिपक्यांचे असते. ते सहा फुटांवर ताणले की इंचाला जेमतेम 69 ठिपके उरतात आणि जवळून पाहताना चित्र फाटलेले दिसते. सर्वांत मोठा फलक किती फुटांचा लागेल हे आम्ही सुरुवातीलाच सांगायला हवे होते, आणि त्यांनी ते विचारायला हवे होते. दुसरा प्रश्न फ्लेक्सचा. त्यांच्या नेहमीच्या छपाईवाल्याने फ्लेक्सच सुचवला. 1 जुलै 2022 पासून देशभर बंदी आहे ती 100 मायक्रॉनपेक्षा पातळ पीव्हीसी या प्लास्टिकच्या फलकांवर, आपला फ्लेक्स जाड आहे, त्यामुळे अडचण नाही, असा त्याचा युक्तिवाद होता. कायद्याने तो बरोबर असेलही. परंतु प्लास्टिकविरोधी मजकूर पीव्हीसीवर छापून नाल्याशेजारी टांगणे समितीतील एकालाही रुचले नाही. चित्रशाळेतील ताईंनी भिवंडीतील एक कापडावर छापणारा शोधून दिला. सुती कापडाला फ्लेक्सच्या कितीतरी पट पैसे पडले आणि पहिल्या सरीत रंग थोडा उतरला, तरीही तो निर्णय योग्य होता.

ॲनिमेशन फीत नीटनेटकी आहे. एक पाकीट आमच्याच इमारतीच्या गटारातून नाल्यात, नाल्यातून खाडीत आणि भरतीबरोबर परत दारात येते, इतकीच गोष्ट. पार्श्वसंगीत अनावश्यक आहे. बहुतेक लोक व्हॉट्सॲपवर आवाज बंद ठेवूनच पाहतात.

परिणामाविषयी फुशारकी मारावी असे काही नाही. ओला आणि सुका कचरा वेगळा देणारी घरे वाढली आहेत, असे सफाई कर्मचारी ताई सांगतात. नाल्यात पाकिटे अजूनही दिसतात.

गणेशोत्सवापूर्वी निर्माल्याविषयीची तीन चित्रे याच चित्रशाळेला द्यायचे समितीने ठरवले आहे. या वेळी मागणीपत्रात तीन अटी लिहून घेतल्या आहेत : मजकूर शेवटपर्यंत युनिकोडमध्येच राहील, छपाईची एक नमुना प्रत आधी दाखवली जाईल आणि काम संपल्यावर ओपन फाइल, म्हणजे नंतर बदल करता येतील अशी मूळ फाइल, आमच्याकडे येईल. दर तोच आहे. पहिले प्रूफ मात्र समितीच्या आधी मासळीवाल्या मावशींना दाखवायचे आहे, आणि त्यांनी वेळ द्यायचे कबूल केले आहे.